निर्दोष चिठ्ठी

"आजपासून या रुग्णालयात चूक हा गुन्हा नाही!" अधीक्षकांनी सभागृहात जाहीर केलं. "जो चूक कळवील, त्याला कुणीही जाब विचारणार नाही. भीतीचं युग संपलं!"

एवढ्यात माईक बंद पडला.

"वायरीवर पाय कुणी दिला?" अधीक्षक गरजले. "आधी नाव सांगा!"

सगळ्यांनी आपापले पाय खुर्चीखाली घेतले.

संध्याकाळपर्यंत पेटी लागली. निळी, कुलूपबंद, अधीक्षकांच्या दाराच्या अगदी समोर. वर पाटी होती: 'सुरक्षीतता पेटी. नाव लिहू नये.' पाटीच्या वर कॅमेरा होता.

"किल्ली कुणाकडे असते हो?" झाडता झाडता वॉर्डातल्या मावशींनी विचारलं.

"साहेबांकडे," सिस्टर म्हणाल्या.

"मग पेटीचा खर्च कशाला केला? चिठ्ठी त्यांच्या खिशातच घालायची की."

सिस्टर हसल्या नाहीत. सकाळपासून त्यांना हसू येत नव्हतं. सकाळी त्या सात नंबरच्या खाटेवरच्या काकांना इंजेक्शन द्यायला गेल्या, तेव्हा सुई दंडापर्यंत पोचली होती. काका आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेले. समोर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी ट्रेमधल्या बाटलीकडे चष्म्यातून पाहिलं.

"सिस्टर, कालचं नाव नऊ अक्षरी होतं. हे दहा अक्षरी आहे."

सिस्टरनी बाटली वाचली आणि सुई झटकन मागे घेतली. ते औषध आत गेलं असतं, तर काकांचं हृदय थांबलं असतं. दोन्ही बाटल्या सारख्याच, झाकणं निळी, आणि कप्प्यात शेजारी शेजारी. सिस्टरनी लगेच त्या वेगळ्या केल्या. दुपारच्या पाळीने भिंतीवरच्या मांडणीच्या तक्त्याप्रमाणे परत शेजारी लावल्या. तक्त्यावर अधीक्षकांची सही होती.

"सांगायला तर हवं," सिस्टर काकांना म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून होईल. पण अठरा वर्षांची नोकरी आहे हो माझी."

"मग डाव्या हाताने लिहा," शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवरून ट्रकड्रायव्हर म्हणाला. त्यालाही उद्यापासून काकांचंच इंजेक्शन सुरू होणार होतं. "अक्षर ओळखू येत नाही. आणि टाकायला मावशींना पाठवा. साहेबांच्या दारासमोर पुसायला त्या रोज जातातच."

सिस्टरनी डाव्या हाताने लिहिलं. कप्पा कुठला, बाटल्या कुठल्या, सगळं. काकांनी कागद मागून घेतला. त्यांना राहवेना. 'सुरक्षीत'चं 'सुरक्षित' करून दिलं, दोन अनुस्वार घातले आणि म्हणाले, "आता निर्दोष आहे. पुन्हा उतरवून काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह पुन्हा भरलं. अधीक्षकांच्या हातात चिठ्ठी होती आणि चेहऱ्यावर हसू. हसू बघून लोक जास्तच घाबरले.

"फार मोलाची चिठ्ठी आहे! लिहिणाऱ्याचा सत्कार करायचा आहे. प्रशस्तिपत्र छापून तयार आहे, फक्त नावाची जागा रिकामी आहे. तेवढं उभं राहावं."

सगळे खुर्चीत आणखी खाली सरकले.

"बरं. मग सगळ्यांनी एक वाक्य लिहून द्या. 'रुग्णांची सुरक्षितता ही माझी जबाबदारी आहे.' सहज. सरावासाठी."

सरावासाठी म्हटल्यावर सगळ्यांना समजलं. एक्केचाळीस जणांनी पेन डाव्या हातात धरलं. एक्स-रेवाला जन्माचा डावखुरा. त्याने खबरदारी म्हणून उजव्या हाताने लिहिलं. बेचाळीस कागदांवर किडे-मुंग्या चालल्या.

"साहेब, त्या बाटल्या..." मागून सिस्टरनी कसंबसं तोंड उघडलं.

"बाटल्या कुठे पळतात? आधी माणूस सापडू दे."

अधीक्षक तासभर कागद चाळत बसले. मग एकदम त्यांनी टेबलावर थाप मारली. बेचाळीसच्या बेचाळीस कागदांवर 'सुरक्षीतता' होतं. क्षी दीर्घ, अगदी पाटीवर होतं तसं. चिठ्ठीत मात्र क्षि ऱ्हस्व.

"या चिठ्ठीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही," अधीक्षक सावकाश म्हणाले. "म्हणजे ही आपल्या माणसाची नाहीच! बाहेरचं कुणीतरी आपल्याला बदनाम करतंय." त्यांनी चिठ्ठीवर शेरा मारला: 'बाहेरील व्यक्तीचा खोडसाळपणा. दखल घेण्याचे कारण नाही.' खाली सही केली, तारीख घातली, आणि पेटीवर दुसरा कॅमेरा बसवायला सांगितलं.

सिस्टरची नोकरी वाचली. वॉर्डात आल्या तर कप्प्यात दोन्ही बाटल्या तक्त्याप्रमाणे शेजारी शेजारी, निळी झाकणं घालून उभ्या होत्या.

काकांना आज घरी सोडणार होते. ते कपडे बदलून, पिशवी भरून, खाटेच्या कडेला बसले होते.

"लागलं का काही मार्गी?" त्यांनी विचारलं.

"चिठ्ठी फार शुद्ध निघाली, काका," सिस्टर म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि डबीत ठेवला.

तेवढ्यात दुपारच्या पाळीची नवी सिस्टर ट्रे घेऊन आठ नंबरकडे वळली. ट्रेमध्ये निळ्या झाकणाची बाटली होती. ड्रायव्हरने बाटलीकडे पाहिलं, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. मग शर्टाची बाही खाली ओढून तो काकांकडे वळला.

"काका, घरी दुसरा असेल ना? मग एवढा चष्मा इथे ठेवून जाता का?"