खडूची खाडी

माझ्या वर्गातली मुलं फरशीवर खडूने स्वप्नातलं प्राणिसंग्रहालय आखत होती. पंखांचे हत्ती झाले, ढगांत जिराफ उभे राहिले. मधोमध कोळीवाड्यातल्या भाविकने भलामोठा निळा समुद्र काढला. भीमेकाठाहून नुकत्याच आलेल्या कार्तिकीने त्यात हळूच नदीतली मरळ सोडली.

"खाऱ्या पाण्यात नाय जगायची तुझी मासळी," भाविक म्हणाला आणि त्याने मध्ये जाड रेघ ओढली. "तुझी नदी तिकडं, कोपऱ्यात."

कार्तिकी मुकाट्याने कोपऱ्यात गेली. शाळेत आल्यापासून गेले दोन आठवडे ती डबाही तिथेच एकटी खात होती.

मी भाविकशेजारी बसलो. "बरोबर आहे तुझं. पण तुझे बाबा बोय मासळी कुठे धरतात?"

"खाडीत."

"तिथलं पाणी कसं असतं?"

"भरतीला खारं. ओहोटीला नदीचं पाणी उतरलं की गोडसर." त्याने रेघेकडे पाहिलं. "गुरुजी, बोय दोन्ही पाण्यांत फिरते."

त्याने तळहाताने रेघ पुसली; निळी धूळ पसरत गेली, जणू पाणी पाण्यात मिसळत होतं. मग तो रांगत कोपऱ्यापर्यंत गेला.

"जरा सरक," तो कार्तिकीला म्हणाला. "मला इथं खाडी काढायचीय."