उडीनं खाल्लेला सूर

डर्बीच्या इस्पितळातून माझी बायको ग्लेनिस गेल्याचा फोन आला, त्याच दुपारी ती ज्या स्टुडिओत व्हिडिओ गेमचं संगीत करायची, तिथला नायजेल तिची तब्येत विचारायला दारात आला. ती गेली हे ऐकून तो पायरीवरच बसला. मी चहा केला आणि म्हणालो, “तिचं काम लावून दाखव.” त्यानं गेमचं यंत्र टीव्हीला जोडलं. “हे यंत्र एका वेळी मोजकेच सूर काढतं. हीरोनं उडी मारली की उडीचा आवाज त्यातला एक सूर खातो. आमच्या धुना तिथं लंगडतात. आता ग्लेनिसची ऐका.” हीरोनं उडी मारली, तरी धून सलग वाजली. “सलग नाहीये, मिस्टर हॉलम. आजूबाजूचे सूर तिनं असे लावलेत की गेलेला सूर आपला कानच भरून काढतो. कसं जमायचं हो तिला?” मला हसू आलं. “स्वयंपाकघरात ती गुणगुणायची आणि मला ओरडायची, ‘वाटेल तेव्हा उडी मार, म्हातारबा, फक्त चहा सांडू नकोस!’ मी उडी मारली की ती तेवढा सूर गाळायची. धून लंगडली की पुन्हा पहिल्यापासून.” “तुम्ही? उड्या?” नायजेल डोळे पुसत हसला. “शेवटच्या टप्प्याची धून अर्धीच राहिलीय. मी तिच्याच पद्धतीनं पूर्ण करीन. माझ्यासाठी उड्या माराल?” मी हो म्हणालो. तेव्हापासून दर शनिवारी तो येतो आणि गुणगुणतो. मी स्वयंपाकघरात उभा राहतो, पण माझे पाय उचलत नाहीत. शेवटच्या टप्प्याची धून अजून अर्धीच आहे.