छत्रीवाल्याची पाटी

गोगटे सरांनी कोल्हापुरातल्या जुन्या दुकानांच्या साठ पाट्या जमवल्या होत्या. मुलाणीचाचांच्या टपरीवरची पत्र्याची पाटी तर त्यांना फारच आवडली: 'येथे छत्र्या रिपेर होतील. घाई करू नये.'

"चाचा, ही पाटी म्हणजे शहराचा इतिहास आहे. प्रदर्शनात लावतो," म्हणत सरांनी ती उतरवून नेली. बदल्यात शाल दिली.

ऐन पावसाळ्यात गिऱ्हाईक येईना. पाटी दिसेना म्हटल्यावर लोकांना वाटलं, चाचा गेले. एकाने टपरीसमोर उभं राहून चाचांनाच विचारलं, "छत्रीवाले कधी वारले ओ?"

प्रदर्शनाच्या दिवशी चाचा हत्यारांची पेटी घेऊन हॉलमध्ये आले आणि थेट आपल्या पाटीखाली बसले. बाहेर पाऊस कोसळत होता. हां हां म्हणता त्यांच्यापुढे रांग लागली.

गोगटे सर धावत आले. "अहो चाचा, इथं धंदा नाही करायचा! हे सांस्कृतिक प्रदर्शन आहे."

"पाटीवर काय लिवलंय, वाचा की सर," छत्रीची काडी सरळ करत चाचा म्हणाले.

सर चिडून प्रमुख पाहुण्यांना शोधू लागले. ते रांगेत तिसरे होते.