वधुपित्याचे डोळे

वधुपित्याचे सुजलेले डोळे बघून कार्यालयातल्या बायका हळहळल्या, "लेकीसाठी रात्रभर रडलेत बिचारे!"

अनंतरावांनी डोक्यावरची सैल टोपी हलक्या हाताने सारखी केली. लग्नाच्या फोटोत टक्कल दिसू नये म्हणून त्यांनी चारच दिवसांपूर्वी डोक्यावर केस रोवून घेतले होते. ते दिसायला वर्ष लागतं, हे ऑपरेशननंतर कळलं. कपाळावरची सूज मात्र मुहूर्त गाठून डोळ्यांवर उतरली.

पाठवणीच्या वेळी मुलगी समोर आली. "बाबा, मला वाटायचं, तुम्हाला रडताच येत नाही. माझ्यासाठी एवढे रडलात?"

"अगं, ते केसांचं..." म्हणेपर्यंत ती गळ्यात पडली आणि अनंतरावांना खराखुरा हुंदका फुटला.

बायकोने पदराने त्यांचे डोळे टिपले. "रडा खुशाल," ती कानात म्हणाली, "फक्त खाली वाकू नका. डॉक्टरांनी बजावलंय."