सतरा नंबरचा फॉर्म

"खर्च राखून कर, नागम्मा. पण ज्याला कुणीच काही देत न्हाई, त्याला आधी दे."

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. तरी इष्टलिंगाची पूजा आटोपून महिन्याचे पैसे वेगवेगळे करायला बसलं की नागम्माला हा आवाज ऐकू यायचाच. निलंग्याहून तिचे यजमान गुरुबसप्पा पैसे पाठवायचे. त्यात लेकीच्या, मंजुश्रीच्या, क्लासची फी, लातुरातल्या खोलीचं भाडं, गॅस, दूध. त्यातूनही नागम्मा चार पैसे मागं टाकायचीच. भाजीला गंजगोलाईत चालत जायची, तेही दिवेलागणीला, भाव उतरल्यावर.

शेजारच्या खोलीत अहमदपूरच्या रहमतबी. त्याही लेकीच्या, लुबनाच्या, क्लासपायी इथं येऊन राहिलेल्या.

"तुझ्या चहात दूध शोधायला चष्मा लागतो गं," त्या म्हणायच्या. "एवढं वाचवून करतीस तरी काय?"

एक दिवस नागम्मानं सांगून टाकलं. "सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. दहावी बाहेरून द्यायचा. एकीचा बाप भूकंपात गेला, शाळा सुटली. तिच्यासाठी."

"या अल्ला! आन् मी तुला कंजूस म्हणून राहिले!"

तासाभरात रहमतबी लुबनाची दहावीची पुस्तकं घेऊन हजर. सोबत पैसेही आणले होते. नागम्मानं पुस्तकं घेतली, पैसे परत केले.

"अभ्यास करती का पोरगी?"

"करती की. दुपारी हितंच बसती."

"मला कशी दिसली न्हाई कधी?"

"दुपारी तुम्ही घोरत असता."

रहमतबी पोट धरून हसल्या. नागम्मा मात्र पुस्तकांवरून हात फिरवत राहिली.

"पर तिला लई भ्या वाटून राहिलंय. परीक्षेच्या वर्गातली पोरं हसतील, पेपरच नको म्हणती."

"हसू दे. दात दिसतील त्यांचे! एकही पेपर बुडवायचा न्हाई. तिच्या वतीनं तू जबान दे मला."

"दिली," नागम्मा हळूच म्हणाली.

पहिल्या पेपराच्या सकाळी रहमतबी दही-साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या.

"कुठं हाय पोरगी? तोंड गोड करून धाडू तिला."

मंजुश्री ओठ दाबून हसत भिंतीकडं बघू लागली.

नागम्मानं पदर सावरला, तळहात पुढं केला, दही-साखर चाटली आणि हॉलतिकीट पिशवीत घालून परीक्षा केंद्राकडं चालू लागली.