चिवट कचरा

शनिवारी तोंडाला मास्क चढवून चौथीचा वर्ग नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. कौमुदीबाईंनी नेहमीसारखंच बजावलं, "दगडमाती सोडून जे दिसेल तो कचरा. निसर्ग आपणच जपायचा!" त्यांच्या बाईंनीही त्यांना हेच शिकवलं होतं, आणि आजवर ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

तासाभराने आभा धापा टाकत आली. "बाई, माझा सगळ्यात चिवट! दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कुठे सुटला."

तिच्या पिशवीत, चुरगळलेल्या वेष्टनांवर, दोन हिरवी पानं होती. खाली देठ पिचलेला, आणि तुटक्या पांढऱ्या मुळांना ओली माती.

बाई पिशवीशेजारी गुडघे टेकून बसल्या. असलं काही त्यांनी फक्त आजीच्या लग्नाच्या फोटोत, मांडवामागे पाहिलं होतं. त्यांनी ते मातीत खोचलं. ते आडवं झालं.

"कुठे सापडलं गं? आणखी आहेत तिथे?"

"त्या खडकाआड, बाई. खूप होते!" आभाने अभिमानाने कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या गाडीकडे बोट दाखवलं. गाडीतून धूर निघत होता. "आम्ही सगळ्यांनी मिळून काढले. एकही शिल्लक ठेवला नाही."