सरकारी वेळ

चिंतामणराव स्टुलावर चढले, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा बोटाने पाच मिनिटं मागे ढकलला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सरकारी टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. आज दहा वाजून दहा मिनिटांचे दहा वाजून पाच करून ते खाली उतरले, तेव्हा, खरं सांगायचं तर, त्यांना मजाही वाटत होती. स्टूल मुळात घड्याळाखाली पडलंच कसं होतं? जयसिंगराव शिपायाला मनातल्या मनात चार शब्द सुनावून त्यांनी ते कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

हे सगळं श्रीपादसाठी. तो त्यांच्यासारखाच इंदूरचा, नवा कारकून, अजून प्रोबेशनवर. पावणेअकराला हजेरीचं मस्टर साहेबांच्या खोलीत जायचं, आणि ज्याची सही नसेल त्याच्या नावापुढे लाल रेघ पडायची. श्रीपादच्या दोन झाल्या होत्या. तिसरी पडली की नोकरी गेली. काल संध्याकाळी बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि तो होता तसा महूला पळाला. सकाळच्या गाडीने परतणार होता, आणि महूची गाडी वेळेवर येते असं खुद्द महूचे लोकही म्हणत नसत.

त्या घड्याळाचा मान मोठा होता. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झाल्यावर होळकरांचे कारकून आणि शिंद्यांचे कारकून एकाच हॉलमध्ये येऊन बसले. इंदूरवाल्यांच्या खिशात साडेदहा, ग्वाल्हेरवाल्यांच्या खिशात पावणेअकरा, आणि रोज सकाळी त्यावरून जुंपायची. ग्वाल्हेरहून आलेल्या नानासाहेब सुपरिंटेंडेंटांनी सगळ्यांना आपापली घड्याळं घरी ठेवायला लावली. “भिंतीवरचं सांगेल ती वेळ,” ते म्हणाले होते. “ते कोणाचा मामा नाही.” इथे शिंकलात तरी ग्वाल्हेरला रिपोर्ट जाईल, असं चिंतामणरावांनी त्याच दिवशी ओळखलं होतं.

म्हणून ग्वाल्हेरचा बाळकृष्ण आत आला तेव्हा ते फायलीत नाक खुपसून बसले. बाळकृष्ण घुटमळला. मग म्हणाला, “चिंतामणराव, रेकॉर्डरूममधून ती देपालपूरची फाइल काढता का जरा? मला सापडत नाही.” फाइल समोरच्याच फळीवर होती. ती घेऊन ते परतले तर घड्याळात दहा वाजून पाच. आपण काटा सोडला होता, तिथेच तो होता.

तेवढ्यात टायपिस्ट सुलोचनाबाई ओरडल्या, “अहो, खाली गाय शिरलीय! सरकारी कागद खातेय!” सगळे धावत खाली गेले. अंगणात गाय नव्हती, शेणही नव्हतं. परत वर आले तेव्हा दहा वाजून दहा.

मग जयसिंगराव चावी घेऊन आला. आठवड्याची चावी सोमवारीच दिली होती, आज बुधवार. तो सगळ्यांदेखत स्टुलावर चढला आणि बराच वेळ घड्याळाशी खुडबुड करत राहिला. सगळे माना खाली घालून लिहीत होते. तो उतरला तेव्हा पुन्हा दहा वाजून पाच झाले होते.

चिंतामणरावांना हसू आवरेना. खुर्चीत बसून तासभर झाल्यासारखं वाटत होतं आणि वेळ आल्या पावली परत चालली होती. त्यांनी बाळकृष्णकडे पाहिलं. बाळकृष्ण रुमालात तोंड लपवून खोकत होता, आणि त्याचे खांदे गदगदत होते. सुलोचनाबाईंच्या टाइपरायटरमध्ये कागदच नव्हता.

आणि मग शेजारच्या कचेरीत अकराचे टोले पडले. इकडे सव्वादहा.

नानासाहेब खोलीतून बाहेर आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खिशातून स्वतःचं घड्याळ काढलं. त्याच क्षणी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि श्रीपाद दारात उभा राहिला. घामाघूम, हातात पेढ्यांचा पुडा.

“मुलगी झाली!” तो म्हणाला. साहेब दिसताच त्याचा चेहरा उतरला. मग त्याची नजर घड्याळावर गेली आणि तो गोंधळलाच. “साहेब... मी लवकर आलो?”

“अकरा वाजलेत,” नानासाहेब म्हणाले. “पंचेचाळीस मिनिटं गेली कुठे?”

आता हा पोरगा फुकट मरतो, या विचाराने चिंतामणराव उठून उभे राहिले.

“पाच माझी, साहेब. त्याला काही माहीत नाही.”

“दहा माझी,” बाळकृष्ण उठला. चिंतामणराव त्याच्याकडे बघतच राहिले. ग्वाल्हेरचा माणूस! इंदूरच्या पोरासाठी!

“हुजूर, दस मिनट मी पण सरकवली. झूठ नाही बोलणार,” जयसिंगराव म्हणाला.

“माझी फक्त पाच,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “आणि गायसुद्धा माझीच.”

हे ऐकल्यावर मात्र असा हशा उसळला की कोणाचंच कोणाला ऐकू येईना. बाळकृष्ण टेबलावर आडवा झाला. चिंतामणरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं होतं की कशाचं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तरी जन्माचे कारकून ते, त्यांच्या डोक्यात बेरीज चालूच होती.

“साहेब, ही तीसच झाली,” ते डोळे पुसत म्हणाले. “पंधरा कोणाची?”

नानासाहेबांनी आपलं घड्याळ खिशात टाकलं, मस्टर उघडून श्रीपादपुढे सरकवलं आणि पुड्यातला एक पेढा उचलला.

“मला वाटलं होतं, पंधरा पुरतील,” ते म्हणाले. “आणि चिंतामणराव, ते स्टूल जागेवर ठेवल्याबद्दल आभार. घाईत माझं राहून गेलं होतं.”